पट्टीखालचा शिक्का

मुलगी नोकरीनिमित्त म्युनिकला असते, त्यामुळे गेली काही वर्षं उन्हाळ्यातला महिनाभर माझा मुक्काम तिकडे असतो. पुण्यात रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. नाणी आणि पदकं गोळा करण्याचा नाद चाळीस वर्षांचा आहे. तिथेही शनिवारी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो म्हटल्यावर पाय तिकडे वळलेच. एका टेबलावर किटल्या, पितळी घड्याळं, काचेचे पेले असा पसारा मांडला होता आणि त्यात एक कुत्रं बसलं होतं. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचं, डाक्सहुंड जातीचं, आखूड पायांचं, मान किंचित तिरकी करून बघणारं. हातात घेतलं. कानाच्या पाळीची घडी, मानेवरची सैल कातडी, सगळं इतकं नेमकं होतं की मूळ नमुना घडवणारा तासन्‌तास कुत्र्याकडे बघत बसला असणार. जुनी वस्तू हातात आली की आधी उलटी करून तळ पाहायचा, ही आम्हा लोकांची सवय. तळाला शिक्क्याच्या जागी रुपयाएवढी पांढरी कागदी पट्टी चिकटवलेली होती.

नखाने पट्टीची कड उचलणार तोच टेबलामागचे गृहस्थ लगबगीने पुढे आले. पट्टी इथे काढायची नाही, असं ते म्हणत असल्याचं मुलीने सांगितलं. ते चिन्ह उघड्यावर दाखवणं गुन्हा आहे, घरी नेल्यावर काढा. मग आवाज उतरवून ते एकच शब्द बोलले, ‘आलाख’. किंमत साडेसहाशे युरो. शिक्का नसता तर किती, असं मुलीने विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, पन्नास.

पट्टीखाली काय असणार ते मला माहीत होतं. अष्टकोनी चौकटीत एकमेकींत गुंतलेल्या, विजेसारख्या दोन रेघा. एसएस या हिटलरच्या नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेची खूण. म्हणजे सहाशे युरो त्या खुणेचे होते आणि कुत्र्याचे पन्नास.

मी ते परत टेबलावर ठेवलं, पण विषय डोक्यातून गेला नाही. नाझी काळातल्या जर्मन वस्तूंच्या बाजारात ‘खरी की नकली’ हा प्रश्न अहोरात्र विचारला जातो आणि माझ्या मते तो अर्धाच विचारला जातो. कारखाना कोणता, साचा कोणता, वर्ष कोणतं, हे बारकाईने पाहणारी माणसं ‘ही कोणाच्या हातची?’ हे विचारत नाहीत. तो प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही वस्तूला खरेपणाचा दाखला देऊ नये. आणि त्याचं उत्तर जिथे छळछावणीच्या फाटकाकडे जातं, तिथे ती वस्तू विक्रीला असू नये.

म्युनिकहून एस-२ ही लोकल पकडली की आलाख, कार्ल्सफेल्ड, डाखाऊ ही तीन स्टेशनं लागोपाठ येतात. आलाख हे म्युनिकचंच उपनगर. १९३५ मध्ये तिथे चिनी मातीच्या कलावस्तूंचा एक छोटा कारखाना निघाला आणि लवकरच तो पूर्णपणे एसएसच्या ताब्यात आला. एसएसचा प्रमुख हिमलर याला या कलेचा विशेष सोस होता. माइसेनला १७१० पासून चिनी माती बनते आहे, जर्मन राजेरजवाड्यांनी ती मिरवली आहे. तसा आपल्या संघटनेचाही स्वतःचा कारखाना असावा, असं त्याला वाटे. थिओडोर कार्नर हा प्राण्यांच्या मूर्ती घडवणारा नावाजलेला शिल्पकार न्यिम्फेनबुर्गच्या जुन्या, प्रतिष्ठित कारखान्यात काम केलेला; तो इथे आला. हरणं, अस्वलं, शिंगरं, मेंढपाळी कुत्री, घोडेस्वार, ध्वज घेतलेले एसएस जवान अशा मूर्ती इथून निघू लागल्या. त्यातल्या कितीतरी हिमलर आपल्या अधिकाऱ्यांना भेट म्हणून द्यायचा. ख्रिसमसऐवजी साजऱ्या करायच्या हिवाळी सणासाठी एक मातीचा दिवाही इथे बनत असे. आज या बाजारात त्याच्या नकला सुकाळ झाल्यासारख्या सापडतात.

१९३७ मध्ये उत्पादन वाढवायचं ठरलं आणि नवी जागा घेतली ती डाखाऊत, नाझींच्या छळछावणीच्या शेजारी. युद्ध सुरू झालं, कामगार आघाडीवर गेले, आणि १९४० नंतर रिकाम्या जागांवर छावणीतले कैदी आणून बसवले गेले. डाखाऊची छावणी २२ मार्च १९३३ ला उघडली आणि २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकी सैन्याने ती मोकळी केली. त्या बारा वर्षांत दोन लाखांहून जास्त माणसं तिथे आणि तिच्या उपछावण्यांमध्ये डांबली गेली, किमान ४१,५०० मेली. एसएसचे सगळे उद्योग ज्याच्या हाताखाली होते, त्या ओस्वाल्ड पोलला १९५१ मध्ये लांड्सबर्गच्या तुरुंगात फाशी झाली.

त्या कैद्यांपैकी एकाचं नाव इतिहासात नीट नोंदलेलं आहे. हान्स लांडाऊअर. ऑस्ट्रियाचा. सोळाव्या वर्षी घरातून निघून स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला गेला, पुढे पॅरिसमध्ये पकडला गेला आणि डाखाऊला आला. तिथे तो चिनी मातीच्या कारखान्यात कामाला लागला. छावणीत हे काम नशिबाचं. डोक्यावर छप्पर, भट्टीची ऊब, पावसाचिखलात दगड वाहावे लागत नाहीत. तो वाचला. पुढे व्हिएन्नातल्या प्रतिकार चळवळीच्या अभिलेखागारात बसून त्याने स्पेनला गेलेल्या आपल्या सोबत्यांची एकेकाची माहिती जमवली. २०१४ मध्ये तो गेला. आलाखच्या मूर्तींच्या तळावर कधीकधी शिल्पकाराचं नाव कोरलेलं असतं, नमुन्याचा क्रमांकही असतो. साच्यातून काढलेल्या ओल्या मूर्तीचे सांधे पुसून गुळगुळीत करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. लांडाऊअरचं नाव आपल्याला कळतं ते तो जगला म्हणून. मूर्तीने ते सांगितलेलं नाही.

आता यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो योग्य आहे. १९३६ किंवा १९३८ साली बनलेल्या मूर्तीला कैद्याचा हात लागला नसेल. बरोबर. पण शिक्का तोच आहे, आणि फक्त शिक्का बघून कोणाला १९४० च्या अलीकडची-पलीकडची मूर्ती खात्रीने वेगळी काढता येत नाही. शंका आहे म्हणून विकायला मोकळीक, असा अर्थ यातून काढतात. मी उलटा काढतो. स्वच्छ असल्याचा पुरावा विकणाऱ्याने द्यावा.

मी संग्राहकांच्या विरोधात नाही, मी त्यांच्यातलाच आहे. तपासणीचं हे शास्त्र किती सुंदर आहे ते इतरांना सहसा माहीत नसतं. साताऱ्याकडच्या माझ्या एका मित्राच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या वस्तू होत्या. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ट्रंकेत आजोबांची स्वतःची पदकं होती, एक हिरवट लोकरी मफलर होता, आणि मफलरच्या घडीत एक काळा क्रॉस. मित्राला वाटत होतं, जत्रेतला असेल.

लोखंडी क्रॉस प्रशियाच्या राजाने १० मार्च १८१३ ला सुरू केला, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात. सोनं टंचाईत होतं, लोक दागिने देऊन लोखंडाचे घेत होते, म्हणून मानाचं चिन्हही लोखंडाचं. हिटलरने १ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर हल्ला केला त्याच दिवशी, तो पुन्हा सुरू केला आणि मधोमध स्वस्तिक बसवलं. मागच्या बाजूला १८१३ हे साल तसंच ठेवलं. खरा क्रॉस तीन तुकड्यांचा असतो. आतला लोखंडी गाभा काळा रंगवलेला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी पांढऱ्या धातूची दोन अंगांची चौकट, कडेला डाक लावून जोडलेली. मी आधी मित्राच्या फ्रिजवरचं चुंबक मागितलं. मधोमध चिकटलं. मग भिंगातून कड पाहिली. जोडाची बारीक रेघ चारी बाहूंच्या टोकांवरून फिरलेली, कानशीने घासलेली, तरी दिसणारी. ओतून केलेल्या नकलेत ती रेघ नसते आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. स्वस्तिकाच्या उंच कडांवरचा काळा रंग घासून गेला होता आणि खालचं लोखंड किंचित तांबूस झालं होतं. रिबनच्या कडीवर, मुंगीएवढा, बनवणाऱ्याचा क्रमांक. खरा होता.

इथवर सोपं. अवघड भाग युद्धानंतर सुरू होतो. २६ जुलै १९५७ ला पश्चिम जर्मनीने कायदा केला की युद्धात मिळालेली पदकं स्वस्तिक काढून वापरता येतील. त्यासाठी नवी पदकं लागली, आणि ती बनवली कोणी, तर बऱ्याच वेळा युद्धकाळात तीच पदकं पाडणाऱ्या पेढ्यांनी. ल्यूडेनशाइडच्या श्टाइनहाउअर उंड ल्यूक या पेढीचं नाव त्यात पहिलं येतं. चौकटीचे ठसे, म्हणजे धातूवर आकार उमटवायचे साचे, जुनेच राहिले. मग ग्राहक वाढले तसे स्वस्तिकवाले गाभेही कुठून कुठून पुन्हा बाजारात येऊ लागले. पेढी मूळची, ठसा मूळचा, वर्ष मात्र खोटं. अशी वस्तू नकली म्हणायची की खरी?

नाणी गोळा करणाऱ्याला याचं उत्तर शोधायची रीत माहीत असते. ठसा वापरून वापरून झिजतो, त्याला तडा जातो. तो तडा नाण्यावर बारीक उंचवट्यासारखा उमटतो आणि पुढच्या प्रत्येक नाण्यागणिक वाढत जातो, कमी कधी होत नाही. समजा १९५७ नंतरच्या, स्वस्तिक नसलेल्या क्रॉसच्या चौकटीवर तडा नाही, आणि ‘युद्धकाळातला’ म्हणून विकायला आलेल्या क्रॉसवर तो आहे. मग तो दुसरा आधीचा असूच शकत नाही. साधा तर्क आहे. पण या तर्काने नाइट्स क्रॉससारख्या पदकांच्या मोठमोठ्या संग्रहांना घाम फोडला. हे लोखंडी क्रॉसच्या वरच्या श्रेणीतलं पदक, साऱ्या युद्धात सात हजारांच्या थोडं वर माणसांना मिळालेलं, त्यामुळे एकेक तुकडा हजारो युरोंना जातो. ज्यांनी नामांकित जाणकारांच्या दाखल्यासह घेतले, त्यांनाही वर्षांनंतर कळलं की आपला तुकडा युद्ध संपल्यावर पाडलेला आहे. चिनी मातीतही हेच. आलाखच्या काही साच्यांवरून युद्धानंतर बवेरियातल्याच दुसऱ्या कारखान्यात त्याच मूर्ती वेगळ्या शिक्क्याने निघत राहिल्या.

या शास्त्राबद्दल मला आदर आहे. म्हणूनच ते जिथे थांबतं तिथे मला राग येतो. ठशावरचा केसाएवढा तडा शोधण्यासाठी वर्षं खर्च करणारी माणसं, ठसा चालवणारे हात कोणाचे होते, या प्रश्नाला ‘तो आमचा विषय नाही’ म्हणतात. युद्धकाळात परदेशी नागरिक, युद्धकैदी, छावणीतले कैदी मिळून सुमारे १ कोटी ३० लाख माणसं जर्मनीत सक्तीने राबवली गेली. पदकं बनवणाऱ्या पेढ्या त्या अर्थव्यवस्थेच्या बाहेर नव्हत्या. २००० साली जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून १० अब्ज मार्कांचा निधी उभारला आणि २००७ पर्यंत त्यातून साडेसोळा लाखांहून जास्त हयात सक्तमजुरांना पैसे दिले. उशिरा दिले, थोडे दिले, पण देणं लागतो हे मान्य केलं. जुन्या वस्तूंच्या बाजाराने असं कधी काही मान्य केलेलं नाही, आणि सक्तमजुरांनी बनवलेल्या वस्तू सगळ्यात जास्त भावाने विकल्या जातात त्या त्याच बाजारात.

आपल्याकडे जमीन घेताना कोणीही शहाणा माणूस आधी सातबारा काढतो. मालक कोण, कूळ कोण, बोजा कसला, फेरफार कधी झाला. नुसती माती काळी आहे, विहिरीला पाणी आहे, म्हणून व्यवहार करत नाही. वस्तूलाही सातबारा असतो. शिक्का, साचा, ठसा ही त्या जमिनीची माती झाली. ती कोणाकडून कोणाकडे गेली हे फेरफार झाले. आणि ज्यांनी ती कसली त्यांचं नाव कुळाच्या रकान्यात यायला हवं. तो रकानाच कोरा ठेवून दाखले लिहिले जातात.

कोरा रकाना ठेवण्याची सवय खरेपणाच्याही मुळावर येते, हे १९८३ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचं जाहीर केलं. साठेक वह्या, ९३ लाख मार्कांना विकत घेतलेल्या. हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या खऱ्या ठरवल्या. कशा ठरवल्या? तुलनेसाठी त्यांना हिटलरच्या हस्ताक्षराचे नमुने दिले, आणि त्यातले काही नमुने ज्याने वह्या लिहिल्या त्याच कोनराड कुयाऊने लिहिलेले होते. नकलेची तुलना नकलेशी झाली आणि अक्षर तंतोतंत जुळलं. ह्यू ट्रेव्हर-रोपरसारखा नाणावलेला इतिहासकारही सुरुवातीला फसला. ६ मे रोजी जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागाराने निकाल दिला. कागदात आणि बांधणीत युद्धानंतरचीच द्रव्यं आणि धागे होते. हा कुयाऊ आकाशातून पडला नव्हता. आधी कितीतरी वर्षं तो याच बाजारात नाझी काळातल्या वस्तू, त्यांच्यासोबत स्वतः लिहिलेले खरेपणाचे दाखले आणि ‘हिटलरची चित्रं’ विकत होता. वह्या कुठून आल्या, मधल्या चाळीस वर्षांत कोणाच्या घरात होत्या, हे कोणी नेटाने विचारलं असतं तर कागदाची रासायनिक तपासणी करायची वेळच आली नसती. तीच भूक आजही तशीच आहे. २०१९ मध्ये न्यूरेंबर्गच्या एका लिलावाआधी हिटलरची म्हणून आलेली ६३ चित्रं नकली असल्याच्या संशयावरून सरकारी वकिलांनी ताब्यात घेतली.

आता भारताशी थेट जोडलेली गोष्ट, कारण आपण हे सगळं लांबून बघतो असं समजायचं कारण नाही. नेताजी सुभाषचंद्र बोस एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये पाणबुडीने निघाले. त्या मुक्कामात, १९४२ साली, त्यांनी आझाद हिंदची पदकं सुरू केली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद आणि शहीद-ए-भारत. ती बनवली व्हिएन्नाच्या रुडॉल्फ सूवाल या पेढीने. हीच पेढी युद्धानंतर कित्येक वर्षं जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पदकं पाडत राहिली, आझाद हिंदचीही. आपल्याकडे असं पदक कोणाला मिळालं की तो भारावून जातो आणि मी त्याला दोष देत नाही, माझाही हात पहिल्यांदा थरथरला होता. पण ते नेताजींच्या काळात पाडलेलं आहे की व्हिएन्नातल्या दुकानासाठी नंतर पाडलेलं, हे विचारणं म्हणजे देशभक्तीवर शंका नव्हे. ज्या जवानाला ते खरंच मिळालं त्याचा मान राखण्याचा तोच मार्ग आहे. आणि पदक मिळालेला भारतीय जवान कोण, कोणत्या गावचा, ऑगस्ट १९४४ मध्ये त्याचं जर्मन सैन्यातलं भारतीय पथक वाफेन-एसएसच्या, म्हणजे एसएसच्या लष्करी शाखेच्या, हाताखाली गेलं तेव्हा त्याचं काय झालं, हेही त्या पदकाच्या सोबतीला लिहून ठेवलं पाहिजे, गोड असो वा कडू.

आपल्या कायद्याचा इथे उपयोग नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना लागतो. या ऐंशी-नव्वदच्या आहेत. त्यामुळे नोंद नाही, परवाना नाही, आणि समजही कमी आहे. २००६ मध्ये खारघरला एक हॉटेल ‘हिटलर्स क्रॉस’ नावाने उघडलं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर नाव बदललं. त्या समाजातले बहुसंख्य बेने इस्रायली. शतकानुशतकं कोकणात तेलाचे घाणे चालवलेली, शनिवार पाळतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हटली गेलेली, घरात मराठी बोलणारी माणसं. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आपल्या भाषेतल्या माणसांना हे नाव कसं टोचत असेल, हे उद्घाटनाच्या आधी कोणाच्या मनात आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग बंदीच का घालू नये? फ्रान्समध्ये २००० साली न्यायालयाने याहूला नाझी वस्तूंच्या लिलावापासून फ्रेंच ग्राहकांना दूर ठेवण्याचा आदेश दिला. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२४ पासून अशा चिन्हांच्या व्यापारावर बंदी आणली आहे. या बंद्यांमागची वेदना मला समजते. तरी सरसकट बंदीने माझं समाधान होत नाही. ट्रंकेतला तो क्रॉस आजोबांनी कुठल्या खंदकातून, कोणाकडून, कोणत्या दिवशी घेतला, हा मराठी इतिहास आहे. ज्या हिटलरला इटलीतून हुसकायला साताऱ्या-नगरची पोरं गेली, त्याच्या सैन्याचं ते चिन्ह त्या पोरांच्या नातवंडांनी लपवून ठेवावं, हे मला पटत नाही. शिवाय बंदीने वस्तू नाहीशा होत नाहीत. उजेडात विचारणारे हात सोडतात आणि अंधारात भक्तिभावाने घेणारे उरतात.

दुसऱ्या टोकाचं म्हणणं असं की कला ही कला असते, शिल्पकाराच्या किंवा मालकाच्या पापाशी तिचा संबंध काय. कार्नरचं कुत्रं मलाही आवडलं होतं, हे मी लपवत नाही. पण इथे पाप मालकाच्या चारित्र्यात नाही, ते वस्तूच्या उत्पादनखर्चात आहे. कैद्यांची मजुरी शून्य होती. त्या शून्यातून आलेला नफा आज साडेसहाशे युरोंच्या रूपात कोणाच्या तरी खिशात जातो.

हस्तिदंताबाबत आपण हे आधीच मान्य केलेलं आहे. आजोबांच्या काळातला हस्तिदंती पेटारा घरात असू शकतो. मालकीचा दाखला लागतो. तो पुढच्या पिढीला वारशाने जाऊ शकतो. विकता मात्र येत नाही. पेटाऱ्याची कलाकुसर कितीही उत्तम असली तरी नाही. छावणीशी जोडलेल्या कारखान्याच्या वस्तूंना हाच नियम लावावा: घरात असेल तर जाहीर करा, ठेवा, मुलांना द्या, संग्रहालयाला द्या, पण पैसे घेऊ नका. पदकांना विक्रीची मुभा राहू द्या, मात्र सातबाऱ्यासकट. कोणाला मिळालं, कोणी घेतलं, मध्ये कुठे होतं. ज्याचा एकही फेरफार सांगता येत नाही, त्याला ‘खरं’ म्हणून विकू नये, चुंबक चिकटलं तरीही.

संग्रहालयं ही जबाबदारी पेलतात का, तर पेलतात. हिटलरच्या बर्लिनमधल्या कचेरीबाहेर उभे असलेले शिल्पकार योसेफ थोराकचे दोन प्रचंड कांस्य घोडे युद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत लष्करी तळावर होते, मग गायब झाले, आणि २०१५ मध्ये पोलिसांना एका खाजगी गोदामात सापडले. आता त्यातला एक स्पांडाऊच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे, बर्लिनने उखडलेल्या इतर पुतळ्यांच्या सोबतीला, जिथे लेनिनचं भलंमोठं डोकं कुशीवर पडलेलं आहे. गोदामात असताना तो घोडा कोणाचा तरी खजिना होता. संग्रहालयात तो सगळ्यांना बघता येतो. २०१९ मध्ये म्युनिकजवळच्या एका लिलावात हिटलरची टोपी आणि इतर वस्तू आल्या तेव्हा अब्दल्ला शतीला या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या स्विस उद्योजकाने सुमारे सहा लाख युरो मोजून त्या घेतल्या आणि ज्यू संस्थेला देऊन टाकल्या, चुकीच्या हातात पडू नयेत म्हणून. त्याचं मन मोठं आहे. पण एका माणसाला स्वतःच्या खिशातून बाजारभाव मोजून हे करावं लागतं, आणि त्या बाजारभावाने पुढच्या विक्रेत्याला हुरूप येतो, ही व्यवस्था बरी नाही.

मित्राने क्रॉसची किंमत विचारली होती. मी सांगितली. त्याने विकला नाही. आम्ही दोघांनी बसून त्याच्या आईकडून जे कळलं ते एका कागदावर लिहिलं: आजोबांचं नाव, बटालियन, इटलीतल्या ज्या नदीचं नाव आजोबा घेत असत ते, घरी परतल्याचं साल, आणि क्रॉस कसा मिळाला याबद्दल आजोबा कधीच बोलले नाहीत, हेही. कागद मफलरमध्ये क्रॉससोबत गुंडाळला.

त्या कुत्र्याच्या पट्टीच्या जागीही एक चिठ्ठी लागली पाहिजे. मी ती अशी लिहिली असती:

बसलेला डाक्सहुंड. शिल्पकार थिओडोर कार्नर. कारखाना आलाख, मालक एसएस, कामाची जागा आलाख किंवा डाखाऊ. वर्ष १९३५ ते १९४५ च्या दरम्यान, नक्की माहीत नाही. साच्यातून काढून हाताने पुसली कोणी: नाव नाही, छावणीतला कैदी असू शकतो. विक्रीसाठी नाही.